लिंबूटिंबू

सातवीच्या वह्या तपासतेय. प्रश्न चौथा:
लेमनेडचा उगम कोठे झाला? गुण दोन.
तेजस्विनी खिल्लारेनं लिहिलंय, कैरो.
तिच्या शेजारच्यानं पॅरिस लिहून खोडलंय.
अल्ताफ बागवाननं सरळच: आमच्या गाड्यावर.

मार्गदर्शिकेत कैरोच आहे.
नाईलकाठी कुणी लिंबाच्या रसात
उसाची साखर घालून बाटल्या भरायचं.
मग पॅरिसात पाठीवर पिंप बांधलेली माणसं
गल्लोगल्ली, पेला पुसत, ओतत.
झाड म्हणे त्याच्याही आधीचं, इकडचंच,
पूर्वेच्या डोंगरउतारावरचं.
नकाशावर बाण काढलेत. एक असा, एक तसा.
जालन्यावरून एकही जात नाही.

जालन्याला छावणी होती.
गोऱ्यांना इथला उन्हाळा सोसेना
म्हणून बैलगाडीतून यंत्र आलं.
पुढं ते गेले, यंत्र राहिलं.
यादुल्लाभाईंनी भंगाराच्या भावानं उचललं
आणि कदीम जालन्यात पाटी ठोकली:
दख्खन सोडा अँड लेमन फॅक्टरी.
फॅक्टरी म्हणजे एक खोली, एक हौद, एक चाक
आणि चाक फिरवायला माझा बाप, सटवाजी.

तोंडावर तारेची जाळी बांधायचा,
बाटली फुटलीच तर काच डोळ्यात जाऊ नये म्हणून.
मी लहानपणी शाळेत सांगितलेलं,
माझा बाप मधमाश्या पाळतो.

लेमनमध्ये लिंबू नसायचंच.
हैदराबादहून यायची एक निळी शिशी,
तिच्यातले चार थेंब, वर साखरेचा पाक,
मग चाक, मग गॅस,
मग बाटली उलटी होऊन गोटी गळ्यात अडकायची: टक.
अख्ख्या कारखान्यात खरं लिंबू एकच,
दारावर, मिरच्यांखाली, बिब्ब्याच्या वर,
दर अमावास्येला नवं.

तरी चैतातल्या एका दुपारी
घामानं जाळी सरकली.
बाटलीनं नेम धरला नव्हता, पण बसला.

यादुल्लाभाई रिक्षात रडले.
बापच त्यांना समजावत होता,
"जान दो भाई, दूसरी है ना."
तीन दिवस चाक बंद राहिलं, चौथ्या दिवशी फिरलं.
बाप म्हणाला, आता एक डोळा झाकायची गरज नाही,
गोट्या खेळायला लईच सोपं झालं.

आणि खेळायचाही. सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या पोरांत,
फुटक्या बाटल्यांच्या हिरवट गोट्या घेऊन.
मी सगळ्यांत धाकटी.
मला डाव द्यायचे पण धरायचे नाहीत.
रडत गेले की म्हणायचा,
"लिंबूटिंबू हाईस तू. तुज्यावर राज्य येत नसतंय.
पण खेळात हाईस की."

राज्यं आली. निजामाचं आलं, गोऱ्यांचं आलं,
मग रंगीत बाटल्यांच्या कंपन्यांचं,
ज्यांच्या झाकणाला गोटीच नव्हती.
यंत्र ज्या भावानं आलं होतं
त्याच भावानं गेलं.

आता बाप ओट्यावर बसतो.
मे महिन्यात कुणी सरबत पुढं केलं
तर आधी पेला उन्हाकडं धरतो,
उरलेल्या डोळ्यानं पाणी बघतो.
आमच्याकडं नळ दहाव्या दिवशी येतो, कधी बाराव्या.
काल त्याला सहज विचारलं,
बाबा, लेमन मुळात कुठनं आलं?
म्हणाला, "घाणेवाडीच्या तळ्यातनं. आणिक कुठनं?
लिंबू काय, साखर काय, बाजारात मिळतीया."
जरा थांबून म्हणाला,
"नळ आलाय का बघ."

तेजस्विनीला दोन.
खोडलेल्या पॅरिसला काही देता येत नाही.
अल्ताफच्या उत्तरापाशी लाल पेन कितीतरी वेळ थांबलंय.
शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिते:
गाडा कुठं उभा असतो?
पाणी कुठून आणता?

उत्तर पूर्ण कर.